स्टोक रोचा आड : काशीनरेशांनी एका इंग्रज खेड्याला दिलेलं पाणी

इंग्लंडमधल्या खेड्यातल्या वास्तू म्हटलं की चर्च, जमीनदाराचा वाडा, दगडी पूल आणि एखादी जुनी पब आठवते. ऑक्सफर्डशर परगण्याच्या दक्षिण भागात, चिल्टर्न टेकड्यांवर स्टोक रो नावाचं लहानसं गाव आहे. तिथली सगळ्यात महत्त्वाची वास्तू या यादीत कुठेच बसत नाही. रस्त्यालगतच्या हिरवळीवर बिडाच्या सडपातळ खांबांवर तोललेला एक घुमट उभा आहे. त्याची उंची २३ फूट. घुमटाखाली पाणी ओढायचं यंत्र आहे आणि यंत्राच्या माथ्यावर सोनेरी हत्ती. घुमटाच्या खालच्या पट्टीवर इंग्रजी अक्षरांत लिहिलं आहे, की भारतातल्या बनारसच्या महाराजांनी ही विहीर दिली.

मराठीत हिला विहीर म्हणण्यापेक्षा आड म्हणणं जास्त बरोबर. अरुंद, गोल, पायऱ्या नसलेला, ज्यात उतरायचं नसतं, वरून दोर सोडून पाणी शेंदायचं असतं, तो आड. इंग्रजीत या सगळ्याला एकच शब्द आहे. आपल्याकडे आड, विहीर, बारव, बावडी असे वेगवेगळे शब्द आहेत, कारण प्रत्येकाचं काम वेगळं आणि बांधायची रीतही वेगळी. तेव्हा इथून पुढे मी आडच म्हणणार आहे.

या आडाबद्दल जे लिहिलं जातं त्यात सहसा नवलाचा सूर असतो: इंग्रज खेड्यात भारतीय घुमट कुठून आला! मला मात्र त्या घुमटात भारतीय असं फार थोडं दिसतं. या दानातली खरी भारतीय गोष्ट घुमटाच्या शेजारी आहे आणि तिच्याकडे लक्ष कमी जातं. त्यासाठीच हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं.

भर पावसाच्या देशात तहान

इंग्लंडमध्ये पाण्याची टंचाई ही गोष्ट ऐकायला विचित्र वाटते. कोकणातल्या माणसाला ती तितकी विचित्र वाटणार नाही. तिथे पावसाळ्यात धो धो कोसळतं आणि एप्रिल-मे उजाडला की सड्यावरच्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. चिल्टर्नमध्ये जांभ्याच्या जागी खडू आहे.

खडू म्हणजे मऊ, पांढरा, भुसभुशीत चुनखडक. अख्ख्या टेकड्याच त्याच्या. पडलेला पाऊस त्याच्या बारीक छिद्रांतून आणि भेगांतून खाली खाली जात राहतो आणि शेकडो फूट खोल जाऊन साठतो. टेकड्यांच्या पायथ्याशी तो झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो, म्हणून पायथ्याच्या गावांना पाण्याची ददात नाही. माथ्यावरच्या गावांना ना ओढा, ना झरा. खडूवर काही ठिकाणी तांबूस चिकणमातीचा थर आहे. त्या मातीत डबकी साचतात. स्टोक रोसारख्या गावातले लोक या डबक्यांचं, विटांसाठी माती खणून पडलेल्या खड्ड्यांचं आणि छपरावरून पिंपात धरलेलं पाणी वापरत. कोरडा उन्हाळा आला की तेही संपे. मग मैलोगणती चालायचं आणि बादल्या वाहून आणायच्या.

इथली घरंही याच जमिनीतून आली आहेत. खडूच्या थरांमध्ये चकमकीचे गोटे सापडतात. काचेसारखे कठीण, काळपट, वेडेवाकडे. भिंतीला तेच वापरले जातात. गोट्याला कोपरा नसतो, त्यामुळे भिंतीचे कोपरे, दारं आणि खिडक्यांच्या कडा लाल विटांत बांधायच्या आणि मधला भाग चकमकीने भरायचा, ही इथल्या गवंड्यांची रीत. विटेची लाल चौकट आणि तिच्यात चमकणारा करडा दगड. गावातलं १८४६चं चर्चही चकमकीचंच आहे. ज्या जमिनीने या लोकांना भिंती दिल्या तिनेच त्यांचं पाणी पोटात घेतलं. आजूबाजूची बीचची रानं आणि त्यांच्या लाकडातून खुर्च्यांचे पाय कातणारे गरीब कारागीर, हा इथला जुना जीवनक्रम. चारशे फुटांच्या आसपास आड खणायची ऐपत यांच्यापैकी कोणाची असणार?

आझमगडची विहीर आणि मार खाणारं पोर

स्टोक रोपासून जवळच इप्सडेन आहे. तिथल्या रीड घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जमीनजुमला होता. त्यातला एडवर्ड अँडरडन रीड हा मुलगा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत भारतात आला. १८३१ साली त्यांनी आझमगड भागात लोकांसाठी एक विहीर खणवली. पुढे चढत चढत ते वायव्य प्रांताच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांत गेले. १८५७च्या सप्टेंबरात आग्र्यात लेफ्टनंट गव्हर्नर कॉल्विन वारले तेव्हा काही काळ प्रांताचा कारभार रीड यांच्या हाती होता. १८६०मध्ये ते निवृत्त होऊन मायदेशी परतले.

बनारसच्या गादीवर तेव्हा महाराजा ईश्वरीप्रसाद नारायण सिंह होते. १८३५ ते १८८९ अशी चोपन्न वर्षं त्यांची कारकीर्द. संगीत, साहित्य, रामनगरची रामलीला या सगळ्यांचे ते मोठे आश्रयदाते होते. त्यांची आणि रीड यांची चांगली ओळख होती. आझमगड सोडून जाताना रीड यांनी महाराजांना गळ घातली होती की ती विहीर लोकांना कायम खुली राहील एवढं पाहा. गप्पांच्या ओघात त्यांनी आपल्या गावाकडची एक हकिगतही सांगितली होती. दुष्काळाचे दिवस होते, घरातलं उरलंसुरलं पाणी एका पोराने पिऊन टाकलं आणि त्यासाठी आईने त्याला मारलं.

महाराजांच्या मनात ती हकिगत राहिली. इंग्लंडमध्ये काहीतरी दानधर्म करावा असं ठरलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा हेच आठवलं. लंडनमध्ये पुतळा, एखाद्या संस्थेला देणगी, राणीला जडजवाहीर, असे कितीतरी मार्ग खुले होते. त्यांनी मार खाणाऱ्या पोराच्या गावाला पाणी द्यायचं ठरवलं. आझमगडची विहीर सांभाळायची जबाबदारी ज्याने आपल्यावर टाकली त्याच्याच मुलखात विहीर खणायची, हा हिशेब मला फार सुंदर वाटतो.

जागेची निवडही नीट पाहण्यासारखी आहे. रीड यांच्या वाड्याच्या आवारात आड खणला असता तर गावाला पाणी मिळालं असतं, पण मालकाच्या फाटकातून आत जाऊन. आड गावाच्या रस्त्यालगत, सगळ्यांच्या वाटेवर खणला गेला. पाण्याला पैसे नाहीत आणि कोणाला मनाई नाही, असं ठरलं.

चार फूट रुंद, ३६८ फूट खोल

१० मार्च १८६३ रोजी काम सुरू झालं. त्याच दिवशी इंग्लंडच्या युवराजाचं लग्न होतं, तो मुहूर्त धरला होता. २४ मे १८६४ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी, आड लोकांना खुला झाला. म्हणजे सगळं मिळून चौदा-साडेचौदा महिने.

आडाचा व्यास चार फूट आणि खोली ३६८ फूट. मीटरमध्ये ११२. मुंबईकर वाचकाला सांगायचं तर राजाबाई टॉवर २८० फूट उंच आहे. तो अख्खा या आडात उभा केला तरी त्याच्या टोकावर आणखी ८८ फूट शिल्लक राहतील. काठावरून खडा टाकला तर तो पाण्यावर आपटायला जवळपास पाच सेकंद लागतील. माझ्या आजोळी परसात आड होता, जेमतेम तीस-पस्तीस फुटांचा. त्यात वाकून हाक मारायला लहानपणी आम्हाला भीती वाटायची. त्याच्या दसपट खोलीची कल्पना करताना मला अजूनही पोटात खड्डा पडल्यासारखं होतं.

आणि हे सगळं हातांनी खणलेलं आहे. चार फुटांच्या वर्तुळात एकाच माणसाला वाकून कुदळ चालवता येते. दुसऱ्याला तिथे जागाच नाही. खणलेला खडू आणि गोटे पाटीत भरायचे, ती पाटी दोराने वर ओढायची, रिकामी करून पुन्हा खाली सोडायची. खोली वाढेल तशी पाटीची फेरी लांबते, हवा कोंदते, आणि खणणाऱ्याच्या डोक्यावरचं आभाळ रुपयाएवढं होत जातं. पाटीतून एखादा चकमकीचा गोटा सुटला तर खालच्या माणसाला अंग चोरायलाही जागा नाही. वर्षभर कोणीतरी रोज त्या भोकात उतरत होतं. घुमटावर महाराजांचं नाव आहे ते योग्यच आहे. पण या गावात सगळ्यात अवघड बांधकाम कोणतं, असं विचारलं तर मी या न दिसणाऱ्या पोकळीकडे बोट दाखवीन.

आपल्याकडच्या विहिरीशी तुलना केली की या आकाराचं कारण लक्षात येतं. साताऱ्याजवळच्या लिंबची बारामोटेची विहीर साधारण ११० फूट खोल आणि ५० फूट रुंद. एकाच वेळी अनेक मोटा चालवून आमराईला पाणी पुरवायचं होतं, म्हणून काठ लांब हवा. काळ्या कातळात पाणी फटींमधून येतं, तेव्हा भिंतीचा पसारा जितका मोठा तितक्या जास्त फटी सापडणार. शिवाय कातळ स्वतःच्या बळावर उभा राहतो. खडूचं गणित वेगळं. पाणी एका ठरावीक खोलीवर आहे आणि तिथपर्यंत पोचायचं आहे. रुंदी जितकी वाढवाल तितका फुकट खणायचा माल वाढतो. म्हणून माणूस मावेल एवढंच भोक.

शेंदण्याचं कामही त्यामुळे जड झालं. एवढ्या खोलीचा दोरच केवढा जड! साध्या रहाटावर हे ओढणं कोणाच्याही आवाक्यातलं नव्हतं, म्हणून दातेरी चाकांचं बिडाचं यंत्र बसवलं. तरी तळातून भरलेला पोहरा काठावर यायला दहा मिनिटं लागत. मागणी जोरात असताना दिवसाला सहाशे-सातशे गॅलन पाणी निघे, म्हणजे साधारण तीन हजार लिटर. आजच्या हिशेबाने फार नाही. मोठ्या टँकरच्या एका खेपेत याच्या तिप्पट पाणी येतं. पण ते खडूच्या शेकडो फुटांतून गाळून आलेलं स्वच्छ पाणी होतं. पटकी आणि विषमज्वर दूषित पाण्यामुळे घरोघर जात होते त्या काळात डबक्याऐवजी हे पाणी मिळणं म्हणजे काय, ते सांगायला नको. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही आपली म्हण स्टोक रोच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगली होती. आता आडात होतं.

आडाचा खर्च ३५३ पौंड, १३ शिलिंग आणि ७ पेन्स. शेवटच्या पेनीपर्यंत हिशेब राहिला हे मला विशेष वाटतं. लोकांच्या कामाचा पैसा असा जपला जातो तेव्हा काम पुरं होतं.

घुमट कोणाचा?

आता घुमटाकडे. तो आणि त्याखालचं यंत्र वॉलिंगफर्डच्या वाइल्डर यांच्या ओतशाळेत तयार झालं. वॉलिंगफर्ड हे इथून काही मैलांवरचं थेम्सकाठचं गाव. वाइल्डर यांचा धंदा मुख्यतः शेतीच्या अवजारांचा. नांगर आणि शेतीची यंत्रं ओतणाऱ्या कारागिरांनी बनारसचा घुमट ओतला.

म्हणून म्हणतो, घुमट भारतीय नाही. बनारसच्या घाटांवर असं काही उभं नाही. व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमध्ये बागेतले मंडप, रेल्वे स्टेशनांच्या कमानी, बँड वाजवायचे चबुतरे हे सगळं बिडात ओतलं जात होतं. त्याच साच्यांच्या जगात कांद्यासारख्या आकाराचा एक घुमट बसवला की इंग्रज डोळ्याला ‘हिंदुस्थान’ दिसत असे. ही नजर त्याच्या आधी साठेक वर्षांपासून तयार होत होती. ग्लॉस्टरशरमधलं सेझिनकोट हे तिचं ठळक उदाहरण. कंपनीच्या नोकरीत पैसा मिळवून परतलेल्या चार्ल्स कॉकरेल यांनी भाऊ सॅम्युअल पेपिस कॉकरेल यांच्याकडून तिथे तांब्याच्या घुमटाचा, छज्जे आणि छत्र्यांचा वाडा बांधून घेतला. भारतभर हिंडून चित्रं काढलेल्या टॉमस डॅनियल यांचा सल्ला त्यात होता. पुढे ब्रायटनच्या राजवाड्यावर तीच हवा पोचली. सेझिनकोट सुंदर आहे, पण ती एका धनिकाने स्वतःच्या बागेत आणून ठेवलेली आठवण आहे. स्टोक रोमध्ये पैसा भारतातून इंग्लंडकडे आला आणि तो गावाच्या तहानेवर खर्च झाला. दोन्हींवर घुमट आहेत, एवढंच साम्य.

वाइल्डर यांच्या घुमटाचं मोल मी कमी लेखत नाही. छत असल्यामुळे आडात पालापाचोळा आणि पाखरं पडत नाहीत, यंत्रावर पाऊस साचत नाही, शेंदणारा माणूस कोरडा राहतो. बाजू उघड्या, त्यामुळे उजेड येतो आणि कोण काय करतंय ते रस्त्यावरून दिसतं. सगळ्यात शहाणपणाची गोष्ट ही की यंत्र जवळच्या ओतशाळेत बनलं. दाता तुटला, साखळी झिजली, तर दुरुस्त करणारा माणूस गाडीच्या एका खेपेवर होता. बनारसहून संगमरवरी जाळ्या आणवल्या असत्या तर डोळे दिपले असते, पण पहिल्याच पडझडीत काम अडलं असतं.

बाग, तळं आणि राखणदार

आडाच्या शेजारी एक लहानशी अष्टकोनी झोपडी आहे. पक्की, विटांची. आडाची देखभाल करणाऱ्या माणसासाठी ती बांधली. पलीकडे जागा घेऊन चेरीची बाग लावली. बागेला नाव दिलं ‘ईश्री बाग’, महाराजांच्या ईश्वरी या नावावरून. बागेत एक लहान तळं खणलं, तेही माशाच्या आकाराचं, आणि त्याला नाव ‘मत्स्य’. बनारस संस्थानाच्या राजचिन्हात मासा आहे. खणलेल्या मातीचा उंचवटा करून त्यालाही हिंदुस्थानी वळणाचं नाव दिलं. या सगळ्याची आखणी आणि देखरेख रीड यांची.

वरवर पाहिलं तर हा हौसेचा भाग वाटतो. पण बाग शोभेसाठी नव्हती. दक्षिण चिल्टर्नमध्ये चेरी चांगली येते. झाडांवरची फळं विकायची आणि त्या पैशातून आडाचा खर्च चालवायचा, अशी व्यवस्था होती. दोर, तेल, दुरुस्ती, राखणदाराचं वेतन. पाणी फुकट, म्हणून त्याच्यातून उत्पन्न नाही. उत्पन्नाची सोय शेजारच्या जमिनीत लावून दिली.

हे वाचताना मराठी माणसाला काहीतरी ओळखीचं वाटल्याशिवाय राहणार नाही. देवळाच्या दिवाबत्तीला इनाम जमीन, धर्मशाळेच्या खर्चाला एखाद्या गावाचं उत्पन्न, पाणपोईला नेमून दिलेली रक्कम. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट, विहिरी, अन्नछत्रं उभारली तेव्हा नुसतं बांधून थांबल्या नाहीत, ती चालवायची तजवीजही करून दिली. काशीत तर त्यांचा हात जागोजाग दिसतो. १७८०च्या सुमाराला विश्वेश्वराचं देऊळ त्यांनीच पुन्हा उभारलं. काशीनरेशांना आणि भारतात तीस वर्षं काढलेल्या रीड यांना दानाची ही रीत परकी असणं शक्य नाही.

आपल्या परंपरेत धर्मकृत्यांचे दोन भाग सांगितले आहेत, इष्ट आणि पूर्त. इष्ट म्हणजे यज्ञयाग. पूर्त म्हणजे लोकोपयोगी कामं: विहीर, तळं, देऊळ, अन्नदान आणि आराम. इथे आराम म्हणजे बाग. आता स्टोक रोकडे पुन्हा पाहा. विहीर आहे. तळं आहे, लहान का असेना. बाग आहे. १८७१मध्ये राजकन्या लुईझचं लग्न झालं तेव्हा महाराजांनी पायवाटेसाठी पैसे पाठवले. १८८२मध्ये राणीवर गोळी झाडली गेली आणि ती वाचली, तेव्हा त्यांच्या खर्चाने गावकऱ्यांना पाव, चहा, साखर आणि जेवण दिलं गेलं. म्हणजे अन्नदानही झालं. देऊळ तेवढं नाही आणि ख्रिस्ती खेड्यात ते योग्यही झालं नसतं. कोणी पोथी उघडून यादीवर खुणा केल्या असं माझं म्हणणं नाही. पण ज्या संस्कारात विहिरीबरोबर बाग आणि अन्न आपोआप मनात येतं त्या संस्काराचा हा आराखडा आहे, याबद्दल मला शंका नाही. घुमट इंग्रजी आणि आराखडा काशीचा, असं मी या वास्तूचं वर्णन करीन.

१८५७नंतर पाच वर्षांनी

या प्रकरणाची दुसरी बाजू टाळून चालणार नाही. दान ठरलं १८६२च्या सुमाराला. पाच वर्षांपूर्वी उत्तर हिंदुस्थान पेटला होता. काशीत जन्मलेली मनू तांबे झाशीची राणी म्हणून लढताना मारली गेली होती, आणि काशीनरेश इंग्रजांच्या बाजूला राहिले होते. कंपनीचं राज्य जाऊन राणीचं राज्य आलं होतं. कामाची सुरुवात युवराजाच्या लग्नाच्या दिवशी आणि उद्घाटन राणीच्या वाढदिवशी, ही निष्ठेची जाहीर खूण होती. इप्सडेनमध्येही बनारसकडच्याच राजा देवनारायण सिंह यांनी एक लहान विहीर दिली. तेही १८५७मध्ये इंग्रजांच्या बाजूचे होते.

मला जास्त टोचते ती दुसरी गोष्ट. १८६०-६१मध्ये गंगा-यमुनेच्या वरच्या दुआबात मोठा दुष्काळ पडला होता. बनारस त्या पट्ट्याच्या पूर्वेला बरंच दूर आहे हे खरं. तरी ज्या प्रांतात लोक अन्नपाण्यावाचून मेले त्याच प्रांतातल्या संस्थानिकाचा पैसा वर्षा-दोन वर्षांत इंग्रज खेड्यात आड खणायला जातो, हे चित्र मला अस्वस्थ करतं.

पण या एका सुरात सगळं बसत नाही. त्या काळात मदत नेहमी गोऱ्याकडून काळ्याकडे जाते असंच दाखवलं जाई. स्टोक रोत रोज पाणी भरायला येणारी बाई घुमटावरची ओळ वाचत होती, किंवा कोणीतरी तिला वाचून दाखवत होतं. तिच्या पोराची तहान कोण भागवत होतं? एक भारतीय. पुढे १८६९मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये मुंबईच्या कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी दिलेली भव्य पाणपोई उभी राहिली, ती आजही आहे. राजनिष्ठा दोन्हींमध्ये आहे. पण राजनिष्ठा दाखवायला दागिना पुरला असता. पाणी निवडलं गेलं आणि त्या निवडीमागे मार खाणारं पोर होतं, हे मी विसरू शकत नाही.

नळ आल्यावर

विसाव्या शतकात नळ आले. तरीही आड बराच काळ वापरात राहिला. सत्तरहून अधिक वर्षं त्याने गावाला पाणी दिलं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला तो थांबला. गरज संपली की विहिरीचं काय होतं ते आपण गावोगाव पाहिलं आहे. आधी दोर जातो, मग काठ ढासळतो, मग कोणीतरी कचरा टाकायला सुरुवात करतं. स्टोक रोत तसं झालं नाही. आड, झोपडी आणि बाग यांची मालकी सुरुवातीपासून विश्वस्तांकडे होती. पाणी थांबलं तरी विश्वस्त थांबले नाहीत. घुमट आणि यंत्राची डागडुजी झाली, हत्तीला पुन्हा सोनेरी मुलामा मिळाला आणि आज आड पाहायला येणाऱ्याला तिकीट नाही, जसं शंभर वर्षांपूर्वी पाण्याला नव्हतं.

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत तरुण मुलं बारवा शोधून त्यातला गाळ काढत आहेत, महाशिवरात्रीला पायऱ्यांवर दिवे लावत आहेत. ते फोटो पाहून ऊर भरून येतो. त्या प्रत्येक बारवेबद्दल मला एक प्रश्न पडतो: हिची चेरीची बाग कोणती? दिवे लावून मंडळी घरी गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे कोण असेल, आणि त्याचं घर कशावर चालेल? आमराईचं उत्पन्न, ग्रामपंचायतीने नेमून दिलेली एखादी रक्कम, जवळच्या देवस्थानाने उचललेला वाटा, काहीही चालेल. पण ते गाळ काढण्याच्या आधी ठरलं पाहिजे.

१९६१मध्ये दुसरी एलिझाबेथ राणी बनारसला गेली तेव्हा त्या वेळच्या काशीनरेशांनी तिला स्टोक रोच्या आडाची प्रतिकृती भेट दिली. शंभर वर्षांनंतरही त्या घराण्याला तो आड आपला वाटत होता. १९६४मध्ये शताब्दीचा समारंभ गावात झाला. राणीचे पती प्रिन्स फिलिप आले होते. बनारसहून गंगेचं पाणी आणलं होतं, आणि ते विधिपूर्वक आडाच्या पाण्यात मिसळलं गेलं.